एका चित्रपटाची नायिका : पी. के. रोझी

सिनेमातील नटनट्यांची नावे आपल्या विद्यार्थ्यांना पाढ्यांपेक्षा अधिक चांगली पाठ असतात, अशी तक्रार पालकांच्या सभेत दरवर्षी ऐकू येते. तक्रार अगदीच खोटी नाही. परंतु ज्या नटीची हकीकत मी येथे सांगणार आहे, तिचे नाव या विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांनी ऐकले असेल. तिने आयुष्यात एकाच चित्रपटात काम केले. तो चित्रपट आज कोठेही उपलब्ध नाही. तो प्रथम कधी दाखविला गेला याविषयी पुस्तकांत दोन निरनिराळ्या तारखा आढळतात, एक १९२८ मधील व दुसरी १९३० मधील. असे असूनही मल्याळम चित्रपटाच्या पहिल्या नायिकेचे नाव लिहावयाचे झाले, तर तिचेच लिहावे लागते. तिचे नाव पी. के. रोझी.

अशा एका विस्मृत नटीविषयी शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत लिहिण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. कारण असे की, एखादे माणूस इतिहासात का राहते आणि एखादे का पुसले जाते, हे रोझीच्या हकीकतीइतके स्वच्छ क्वचितच दिसते. हा प्रश्न सिनेमाचा नसून नोंदीचा व शिक्षणाचा आहे, आणि म्हणूनच आपलाही आहे.

त्रावणकोरची पार्श्वभूमी

आजच्या केरळ राज्याचा दक्षिण भाग त्या काळी त्रावणकोर संस्थानात मोडत असे. राजधानी त्रिवेंद्रम, म्हणजे आजचे तिरुवनंतपुरम. शिक्षणात हे संस्थान पुढारलेले होते. परंतु जातिभेदाचे निर्बंध तेथे इतके कडक होते की, आपल्याकडील वाचकांनाही आश्चर्य वाटावे. पुलया ही भातशेतीवर राबणारी अस्पृश्य मानली गेलेली जात. तिच्या माणसांना सार्वजनिक रस्त्याने चालण्याचीही मोकळीक नव्हती. अंगावर कोणते वस्त्र कोणत्या जातीच्या स्त्रीने घ्यावे हेदेखील रूढीने ठरलेले असे. खालच्या मानलेल्या जातींच्या स्त्रियांनी छाती झाकावी की नाही, यावरून तेथे एकोणिसाव्या शतकात दंगे झाले आणि १८५९ मध्ये संस्थान सरकारला त्याबाबत जाहीरनामा काढावा लागला.

या परिस्थितीविरुद्ध उभा राहिलेला पुलया समाजाचा थोर पुढारी म्हणजे अय्यनकाळी (१८६३–१९४१). ते स्वतः निरक्षर होते. १८९३ मध्ये त्यांनी बैलगाडीत बसून मज्जाव असलेल्या रस्त्याने प्रवास केला. १९०७ मध्ये त्यांनी साधुजन परिपालन संघम् ही संस्था काढली. आमच्या मुलांना शाळेत घेत नसाल तर आम्ही तुमच्या शेतात उतरणार नाही, असे सांगून त्यांनी शेतमजुरांचा संप घडवून आणला. मजुरीसाठी संप झालेले आपण पुष्कळ ऐकतो. शाळाप्रवेशासाठी उपाशी राहून केलेला संप मात्र विरळाच. पुढे सरकारी हुकूम निघाला, तरी गावोगाव विरोध चालूच राहिला. अय्यनकाळी पंचमी नावाच्या एका पुलया मुलीला घेऊन शाळेत गेले तेव्हा दंगल उसळली आणि ती शाळाच जाळून टाकण्यात आली. मंदिरप्रवेशाचा जाहीरनामा १९३६ मध्ये निघाला. म्हणजे रोझी पडद्यावर आली तेव्हा तिच्या जातीच्या माणसांना देवळाचे दारही बंद होते, हे लक्षात ठेवावे.

डॅनियल यांचे साहस

जे. सी. डॅनियल हे दक्षिण त्रावणकोरातील नाडार ख्रिस्ती घराण्यातील गृहस्थ. १९०० सालचा जन्म. दातांच्या वैद्यकाचे त्यांनी शिक्षण घेतले होते, परंतु खरा ओढा कळरिपयट्टू या केरळच्या युद्धकलेकडे. ही कला जगाला दाखवायची तर सिनेमासारखे साधन नाही, या विचारातून ते चित्रपटाकडे वळले. चित्रीकरणाची माहिती मिळविण्यासाठी ते मद्रासला गेले आणि तेथून मुंबईस आले. मुंबईच्या स्टुडिओत सहजासहजी आत कोण घेणार? आपण शिक्षक आहोत व विद्यार्थ्यांना चित्रपटाविषयी शिकवावयाचे आहे, असे सांगून त्यांनी प्रवेश मिळविला, अशी हकीकत सांगितली जाते. नंतर त्यांनी आपल्या मालकीची जमीन विकली, यंत्रसामग्री आणली आणि त्रिवेंद्रमच्या पट्टम भागात त्रावणकोर नॅशनल पिक्चर्स नावाचा स्टुडिओ उभा केला.

चित्रपटाचे नाव ठेवले ‘विगतकुमारन’, म्हणजे हरवलेला मुलगा. त्रावणकोरमधील एका श्रीमंत घरातील मुलाला पळवून सिंहलद्वीपात नेले जाते व तेथे तो मळ्यावर मजूर म्हणून वाढतो, असे त्याचे कथानक होते. त्या काळी आपल्या देशात बहुतेक चित्रपट पुराणकथांवर निघत. मल्याळी मुलुखातील पहिलाच चित्रपट सामाजिक विषयावर काढणे ही डॅनियल यांची विशेष गोष्ट म्हटली पाहिजे. लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण आणि नायकाची भूमिका, सर्व त्यांनी स्वतः केले. चित्रपट अर्थातच मूक होता.

अडचण आली ती नायिकेची. ही अडचण महाराष्ट्राच्या वाचकांना नवी नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना एकही स्त्री मिळाली नाही. शेवटी उपाहारगृहात आचाऱ्याचे काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाला लुगडे नेसवावे लागले. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’ मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघी पडद्यावर आल्या, आणि हिंदी चित्रपटसृष्टीत स्त्रीने काम करण्याची सुरुवात झाली. पुढील दहा-पंधरा वर्षांत मुंबईत चित्र पालटले. फात्मा बेगम यांनी तर १९२६ मध्ये स्वतःची चित्रपट कंपनी काढून ‘बुलबुल-ए-परिस्तान’ चे दिग्दर्शन केले. त्यांची मुलगी झुबेदा १९३१ मध्ये ‘आलम आरा’ या पहिल्या हिंदी बोलपटाची नायिका झाली. त्रिवेंद्रममध्ये मात्र १९१३ सालचीच परिस्थिती होती. डॅनियल यांनी मुंबईहून एक अँग्लो-इंडियन नटी बोलावली. परंतु राहण्याच्या व्यवस्थेवरून तिचे पटले नाही आणि ती परत गेली, असे सांगतात. तेव्हा त्यांना रोझी मिळाली.

गवत कापणारी मुलगी

रोझीचा जन्म १९०३ मध्ये त्रिवेंद्रमच्या नंदनकोड भागात, पुलया कुटुंबात झाला, अशी नोंद आढळते. घरातील नाव राजम्मा. गवत कापून विकणे व मजुरी करणे हा तिच्या पोटापाण्याचा उद्योग. परंतु तिला काक्कारिश्शी नावाच्या लोकनाट्याची गोडी लागली होती. आपल्याकडील तमाशासारखाच गाणे, नाच, विनोद असा हा लोकरंजनाचा प्रकार. त्यातही स्त्रियांची सोंगे पुरुषच घेत. अशा रंगभूमीवर उभी राहणारी ती अगदी पहिल्या स्त्रियांपैकी एक होती. म्हणजे डॅनियल यांनी जिला निवडले, ती हौशी किंवा अजाण मुलगी नसून लोकांसमोर उभे राहण्याचा सराव असलेली कलावती होती. हा मुद्दा मुद्दाम नमूद करतो, कारण पुष्कळ लेखांत तिला केवळ एक दुर्दैवी मजूर मुलगी म्हणून दाखविले जाते. तिची कला तिने स्वतः कमावलेली होती.

चित्रपटात तिला सरोजिनीची भूमिका मिळाली. सरोजिनी ही नायर, म्हणजे वरिष्ठ जातीतील मुलगी. पुलया स्त्री नायर स्त्रीची वस्त्रे व दागिने घालून नायरांच्या घरात वावरणार, तेही भर पडद्यावर! चित्रीकरण संपल्यावर रोझी आपले कपडे नेसून परत आपल्या वस्तीकडे जात असे आणि जेवणाचा डबाही घरूनच आणीत असे, असे त्या काळाविषयी लिहिणाऱ्यांनी नमूद केले आहे. दिवसा एका जातीची वस्त्रे आणि संध्याकाळी दुसऱ्या जातीचे आयुष्य, असा हा क्रम होता.

कॅपिटॉल थिएटरमधील दिवस

चित्रपट त्रिवेंद्रमच्या कॅपिटॉल थिएटरमध्ये दाखविण्यात आला. प्रदर्शनाची तारीख कोणी ७ नोव्हेंबर १९२८ देतात, तर कोणी २३ ऑक्टोबर १९३०. उद्घाटनासाठी मल्लूर गोविंद पिल्लै हे नामांकित वकील आले होते. प्रतिष्ठित पाहुण्यांनी अट घातली की, ती बाई थिएटरात असेल तर आम्ही येणार नाही. त्यामुळे ज्या चित्रपटाची ती नायिका होती, त्याच्याच पहिल्या खेळाला तिला आत येऊ दिले नाही.

पुढे जे झाले ते आठवणींतून आपल्यापर्यंत आले आहे. नायक नायिकेच्या केसांतील फुलाचे चुंबन घेतो, असे एक दृश्य चित्रपटात होते. ते पाहून प्रेक्षक खवळले. पडद्यावर दगड पडले, पडदा फाटला, खेळ बंद पडला. जमाव रोझीच्या मागे लागला आणि तिचे झोपडे पेटवून देण्यात आले. तिने रातोरात गाव सोडले. तमिळ मुलुखाकडे जाणाऱ्या एका मालमोटारीत तिला आसरा मिळाला. त्या मोटारीच्या चालकाशीच, केशव पिल्लै यांच्याशी, तिचा पुढे विवाह झाला आणि नागरकोईल येथे राजम्माळ या नावाने तिने उरलेले आयुष्य काढले. तिचे पती नायर होते. ज्या जातीच्या मुलीचे सोंग घेतले म्हणून तिचे घर जळले, त्याच जातीच्या माणसाशी तिने संसार केला. परंतु तो करण्यासाठी तिला आपले नाव, आपली कला व आपली मागील ओळख, तिन्ही सोडून द्यावी लागली. आपली आई एका चित्रपटाची नायिका होती याची पुरती कल्पना तिच्या मुलांनाही नव्हती. १९८८ मध्ये तिचे निधन झाले, असे नोंदविले जाते.

रिळांचे काय झाले?

आता चित्रपटाकडे वळू. ‘विगतकुमारन’ ने डॅनियल यांना कर्जबाजारी केले. यंत्रे विकली गेली, स्टुडिओ बंद पडला. पुढे ते दातांचा दवाखाना चालवून उदरनिर्वाह करू लागले व अखेरीस अगस्तीश्वरम येथे राहिले. रिळे घरातच पडून होती. आपण लहानपणी खेळता खेळता ती जाळून टाकली, असे डॅनियल यांच्या धाकट्या मुलाने पुढे जाहीरपणे सांगितले. त्या काळातील फिल्म नायट्रेटची असे व ती कागदापेक्षाही लवकर पेट घेई. लहान मुलाला त्या ज्वाळेची गंमत वाटावी, यात नवल ते काय? त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. घरातील मोठ्या माणसांनाही त्या रिळांची किंमत उरली नव्हती, हे खरे कारण आहे.

हे एकट्या ‘विगतकुमारन’ चेच झाले असेही नाही. आपल्या देशात सुमारे १,३०० मूकपट निघाले; त्यांपैकी पूर्ण वा तुटक स्वरूपात उरलेल्यांची संख्या तिसाच्या आसपास आहे. ‘बुलबुल-ए-परिस्तान’ गेला. ‘आलम आरा’ ची प्रतही आज उपलब्ध नाही. फिल्मवरील चांदी काढून घेण्यासाठी जुनी रिळे भंगाराच्या भावाने विकली जात.

याउलट मल्याळी मुलुखातील दुसऱ्या मूकपटाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९३३ सालचा ‘मार्तंड वर्मा’ हा चित्रपट सी. व्ही. रामन पिल्लै यांच्या कादंबरीवरून काढला होता. कादंबरीचे हक्क त्रिवेंद्रमच्या कमलालय बुक डेपोकडे होते. त्यांनी दावा लावला, चित्रपट थांबला आणि प्रत त्यांच्याकडे अडकून पडली. ती तेथेच सुमारे चाळीस वर्षे राहिली. १९७४ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने ती मिळविली. हे संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले आणि ते नावारूपास आणणारे पी. के. नायर हे मूळचे त्रिवेंद्रमचेच. म्हणजे निर्मात्याच्या घरात मायेने ठेवलेला चित्रपट जळाला, तर कोर्टकचेरीत अडकलेला चित्रपट वाचला. कारण पुस्तकाच्या दुकानात हक्काचा कागद होता. त्या कागदासाठी भांडणारे कोणी होते. रोझीच्या बाजूने असा कागद नव्हता, आणि भांडणारेही कोणी नव्हते.

आठवण परत कशी आली?

पुष्कळ वर्षे १९३८ सालच्या ‘बालन’ या बोलपटापासूनच मल्याळम चित्रपटाचा इतिहास सांगितला जाई. चेलंगाट गोपालकृष्णन या पत्रकाराने वृद्ध डॅनियल यांचा शोध घेतला, त्यांच्याकडून माहिती मिळविली आणि हा माणूस मल्याळम चित्रपटाचा जनक आहे, असे सतत लिहून मांडले. डॅनियल यांचे गाव राज्यपुनर्रचनेनंतर तमिळनाडूत गेले होते, या कारणाने केरळ सरकारने त्यांना कलावंतांचे निवृत्तिवेतन नाकारले. १९७५ मध्ये ते वारले. पुढे १९९२ पासून केरळ सरकार चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च सन्मान त्यांच्याच नावाने देऊ लागले.

रोझीची पाळी त्यानंतर आली. कुन्नुकुझी एस. मणी या लेखकाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून तिच्याविषयी लिहिण्यास प्रारंभ केला. त्या वेळी ती हयात होती. तरीही तिने स्वतः सांगितलेली हकीकत, तिच्या तोंडचे चार शब्द, आपल्यापर्यंत आलेले नाहीत. विनू अब्राहम यांनी तिच्यावर कादंबरी लिहिली. कमल यांनी २०१३ मध्ये ‘सेल्युलॉइड’ हा चित्रपट काढून डॅनियल व रोझी यांची कथा पडद्यावर आणली. २०१९ मध्ये केरळातील चित्रपटसृष्टीतील स्त्रियांनी तिच्या नावाने फिल्म सोसायटी काढली. १० फेब्रुवारी २०२३ रोजी गूगलने तिच्या १२० व्या जन्मदिनानिमित्त आपल्या मुखपृष्ठावर तिचे चित्र झळकविले. ज्या थिएटरात तिला पाऊल टाकू दिले नाही ते एका शहरातील होते; तिचे चित्र मात्र घरोघरच्या पडद्यांवर पोहोचले. परंतु हे सर्व तिच्या पश्चात झाले.

आपण काय घ्यावे?

या हकीकतीतील कोणत्या गोष्टी कोणत्या आधारावर उभ्या आहेत, हे विद्यार्थ्यांनी पाहावे असे मला वाटते. डॅनियल यांच्या बाजूस स्टुडिओ होता, जमिनीचे व्यवहार होते, त्यांना शोधून काढणारा पत्रकार होता. वकिलाचे नाव राहिले, थिएटरचे नाव राहिले. रोझीविषयी जे आहे ते बहुतेक दुसऱ्यांच्या आठवणीतून आहे. तिचे म्हणून एकच अस्पष्ट छायाचित्र सगळीकडे छापले जाते. तिला थिएटराबाहेर ठेवणाऱ्यांनी केवळ एका खेळापासून वंचित केले असे नाही. तिला नोंदीबाहेरही ठेवले. जी मुले शाळेत गेली नाहीत, ज्यांच्या घरी पत्र लिहिले गेले नाही, त्यांचा इतिहास असाच दुसऱ्यांच्या मर्जीवर राहतो. पंचमीला वर्गात बसविण्यासाठी अय्यनकाळींनी एवढे रान का उठविले, ते येथे कळते.

आपल्याच प्रांतातील एक उदाहरण घ्या. पुण्यातील जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या कार्यात सहभागी असलेल्या फातिमा शेख यांचे नाव आज आपल्या शाळांतून आदराने घेतले जाते. त्यांच्या कार्याचा समकालीन लेखी आधार शोधू गेल्यास हाती काय लागते? सावित्रीबाईंनी १८५६ मध्ये आजारपणात माहेराहून, नायगावहून, जोतीरावांना जे पत्र लिहिले, त्यात फातिमाला कामाचा त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचा ओझरता उल्लेख आहे. एका शिकलेल्या मैत्रिणीने आजारपणातही आठवण ठेवून एक ओळ लिहिली, म्हणून ते नाव राहिले. रोझीच्या वाट्याला अशी पत्र लिहिणारी मैत्रीण आली नाही.

म्हणून पालकांना व विद्यार्थ्यांना एक साधी विनंती करून हा लेख संपवितो. आपापल्या घरातील आजी-नानींना त्यांचे पूर्ण नाव, माहेरचे गाव, त्या कोणत्या इयत्तेपर्यंत शिकल्या किंवा का शिकू शकल्या नाहीत, त्यांना कोणती कला येत होती, हे विचारून घ्या. तारखेसह वहीत लिहून ठेवा. जुने छायाचित्र असेल तर त्याच्या मागे नाव व साल लिहा. दुसऱ्या कोणाची आठवण लिहीत असाल तर ती कोणी सांगितली तेही नमूद करा. हे काम सुट्टीच्या एका दुपारचे आहे. त्याला पैसा लागत नाही, लिहिता येणे मात्र लागते. नागरकोईलच्या राजम्माळच्या घरी अशी एक वही असती, तर मल्याळम चित्रपटाच्या पहिल्या नायिकेची हकीकत आज आपण तिच्याच शब्दांत वाचली असती.